चिन्नोरचा वास

आजकाल कुणी भेटलं की विचारतं, "काहून बंद पडला जी कारखाना?" मी सांगतो, कंपनीनं नेला. एवढ्यावर लोकांचं समाधान होतं. मोठी कंपनी येते, लहान कारखाना विकत घेते, चव बिघडवते आणि टाळं लावून निघून जाते, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. मला पुढे काही सांगावंच लागत नाही. पण खरं तसं नाही. चव कंपनीनं बिघडवली नव्हती, आणि टाळं लागलं ते माझ्या सहीनं. हे सगळं समजावून सांगायचं म्हणजे तासाभराचं काम, आणि ऐकणाऱ्याला घाई असते. मलाही आता कंटाळा येतो. एकदाचं लिहून टाकतो, म्हणजे सुटलो.

मी बालाघाटला सरकारी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. उभी हयात तिथंच गेली. बिरसा, परसवाडा, उकवा, कुठकुठल्या हातपंपांच्या पाण्यानं भरलेल्या बाटल्या आमच्याकडे यायच्या. लोह किती, क्षार किती, ते रसायनं सांगायची. पण फॉर्मवर एक रकाना असायचा, 'वास'. तो नाकानंच भरावा लागे. बाकीचे तिथं न हुंगताच 'आक्षेपार्ह नाही' असं लिहून मोकळे व्हायचे. मी मात्र प्रत्येक बाटली उघडायचो. पुढे पुढे मला नुसत्या वासावरून पाणी कोणत्या भागाचं ते सांगता यायला लागलं. साहेब लोक गंमत म्हणून माझी परीक्षा घ्यायचे, वरची चिठ्ठी काढून बाटली पुढे करायचे. मी उकवा म्हटलं की उकवाच निघायचं. आयुष्यात मला हे एकच येत होतं, आणि त्याचा मला गर्व होता, खोटं कशाला सांगू. निवृत्त झालो आणि दुसऱ्या दिवसापासून त्या नाकाला कुणी विचारेना. सकाळी पेपर वाचून झाला की दिवसभर खाटेवर पडून राहायचं, एवढंच काम उरलं.

अशात माझ्या मोठ्या बहिणीचा मुलगा पुण्याहून परत आला. तो तिथं बिअर बनवायला शिकला होता आणि पाच-सहा वर्षं एका लहान कारखान्यात नोकरीही केली होती. आता त्याला इथं, बालाघाटात, चिन्नोर तांदळाची बिअर काढायची होती. बहिणीनं डोक्याला हात लावला. आमच्या घरात तीन पिढ्या मास्तर नाही तर बाबू. ती म्हणाली, "नातेवाइकाईले काय तोंड दाखवू मी? पोरगा दारू काढते म्हणून सांगू?" मी मध्यस्थी करायला गेलो तर भाच्यानं मलाच पकडलं.

"मामा, तुम्ही माह्यासंगं या."

"अरे बाप्पा, मी तर पीत नाही."

"प्याचं नाहीच तुम्हाले. हुंगाचं, एक घोट तोंडात घ्याचा, थुकाचा, अन् रजिस्टरमंदी लिहाचं. तुमच्यासारखं नाक अख्ख्या जिल्ह्यात नाही."

खाटेवर पडलेल्या माणसाला अजून काय पाहिजे? दुसऱ्या दिवशी मी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून कामावर हजर.

वारासिवनीच्या रस्त्यावर एक जुनी बंद राइस मिल होती, ती भाड्यानं घेतली. चार टाक्या बसवल्या. चिन्नोर आमच्या भागातला बारीक, सुवासिक तांदूळ. एका घरी शिजला तर शेजारच्या तीन घरी कळतं. भाचा त्याची पेज करायचा, मोड आणून भाजलेल्या जवात, म्हणजे मॉल्टमध्ये, मिसळायचा, उकळायचा, गार करून यीस्ट टाकायचा, आणि मग ते सगळं टाकीत मुरत पडायचं. तांदूळ निवडायला आणि शिजवायला आमच्याच वॉर्डातली एक बाई होती, स्वभावानं फटकळ आणि हाताला स्वच्छ. तीही मला मामाच म्हणायची.

पहिली टाकी तयार झाली त्या दिवशी सकाळी दहाला आम्ही सगळे जमलो. चाखायची वेळ दहाचीच, तेव्हा जीभ ताजी असते. दोन घोटांच्या मध्ये तोंड साफ करायला काहीतरी बेचव खायचं असतं, बिस्कीट नाही तर पाव. भाच्यानं बाईला सांगितलं, नुसता भात आण. ती ताटलीत वाफाळता चिन्नोर घेऊन आली, वर तुपाची धार. भाचा म्हणाला, "तूप नाही टाकाचं होतं." ती म्हणाली, "कोरडा भात कोणी माणसाईपुढं ठेवते काय?" झालं. मी एक घास खाल्ला, ग्लास नाकाला लावला, घोट घेतला, आणि मला तो वास आला. भाताचा, गरम, तुपाळ, ओळखीचा. मी ओरडलोच, "चिन्नोर! अरे, चिन्नोर उतरला हिच्यात!" मग सगळ्यांनी चाखलं, आणि सगळ्यांना चिन्नोर सापडला. आमच्या घराघरांत तो तांदूळ तुपाबरोबरच खातात. तुपाविना चिन्नोर कसा लागतो हे आमच्यापैकी कुणाला माहीत होतं?

त्या दिवसापासून रजिस्टरमध्ये एक रकाना वाढला, 'चिन्नोरचा वास'. मी तो मन लावून भरायचो. उत्तम, मध्यम, किंचित कमी. पुढे बाटलीवरच्या लेबलावरही ते छापलं. नागपूर, रायपूर, जबलपूरच्या हॉटेलांतून मागणी यायला लागली. मोबाइलवर लोक चव लिहितात, त्यात एकानं लिहिलं होतं, वास लोण्यासारखा येतो. आम्ही ते मोठ्यानं वाचून हसलो. बाई म्हणाली, "बिचाऱ्यानं चिन्नोर कधी खाल्ला नसन."

आमचा माल काही फार नेटका होता असंही नाही. कधी टाकी आंबट व्हायची. उन्हाळ्यात बाटल्या फुटायच्या. वीज गेली की भाचा डोकं धरून बसायचा. तो चार वर्षांत दहा वर्षांनी म्हातारा दिसायला लागला. म्हणून मोठी कंपनी विकत घ्यायला आली तेव्हा मी त्याला अडवलं नाही. त्यानं एक अट मात्र करारात घालून घेतली. हीच चव दुसरीकडे निघत नाही तोवर ही बिअर बालाघाटातच बनेल. आणि तीच चव निघाली की नाही हे कंपनी ठरवणार नाही, बालाघाटचा चाखणारा ठरवेल. त्यानं 'हेच' असं लिहून सही केली तरच उत्पादन हलवता येईल. चाखणारा म्हणजे मी. भाचा हसत म्हणाला, "मामा, तुम्ही 'हेच' म्हणत नाही तोपर्यंत आपल्या चौदा जणाईले कोणी हालवू शकत नाही." कंपनीचे लोकही हसले. त्यांना वाटलं असेल, म्हातारं किती दिवस टिकणार.

विक्रीची बातमी बाहेर पडली आणि आठवड्याच्या आत लोक लिहायला लागले, चव गेली, पाणचट झाली, पैसेवाल्यांच्या हातात गेली की असंच होतं. मला इतका संताप आला! ज्या बाटल्या ते पीत होते त्या विक्रीच्या आधीच भरलेल्या होत्या. माझ्या रजिस्टरात त्यांना 'उत्तम' होतं. लोक जिभेनं नाही, बातमी वाचून चव ठरवतात, हे मला तेव्हा कळलं. उलट कंपनी आल्यावर कारखाना सुधारलाच. जनरेटर आला, नवीन गाळणी आली, बाटल्या फुटणं थांबलं, आंबट टाक्या थांबल्या. कंपनीवर चिडायला मी रोज नवीन कारण शोधायचो आणि ते मला सापडायचं नाही. असल्या दिवसांत माणूस जास्त थकतो.

वर्षभरानं कंपनीनं एक मुलगी पाठवली. मुलगी म्हणजे तिशीतली बाई, नाशिककडची, बिअरची गुणवत्ता तपासणारी. दूरच्या मोठ्या कारखान्यात आमची कृती वापरून बिअर काढली होती, तिच्या बाटल्या बर्फाच्या पेटीत घालून ती गोंदियाहून टॅक्सीनं आली. बोलायला शांत, वागायला नम्र. तिनं माझ्यापुढे तीन ग्लास ठेवले. एक बिअर आमची, एक त्यांची; दोन ग्लास एकीचे, तिसरा दुसरीचा. कोणता वेगळा ते मी ओळखायचं. मी ग्लास तोंडाला न लावताच वेगळा काढून दाखवला. त्यांची बिअर स्वच्छ होती, चांगली होती, पण चिन्नोर तिच्यात नव्हता. मी लिहिलं, 'हे नाही.' दुसऱ्या वेळी ती आली तेव्हाही तसंच. भाचा खूश. "असंच चालू द्या मामा," म्हणाला. त्या दिवसांत मी बाजारातून चालायचो तो सुद्धा जरा ताठ मानेनं.

तिसऱ्या वेळी मी पुन्हा 'हे नाही' लिहिलं. तिनं वही मिटली आणि विचारलं, "काका, नेमकं काय कमी पडतंय ते सांगाल का? आम्ही तांदूळ इथलाच घेतला, पाण्यातले क्षार इथल्यासारखे केले, यीस्टही तेच आहे."

मी गप्प बसायला हवं होतं. करारात काय कमी आहे ते सांगायचं असं कुठं लिहिलं नव्हतं. पण कुणीतरी एवढ्या लांबून येऊन माझ्या नाकाला प्रश्न विचारत होतं. मी आमच्या तांदूळ शिजवणाऱ्या बाईला भात टाकायला सांगितला. गरम चिन्नोर, वर तूप, ताटली मुलीच्या पुढे सरकवली, बाजूला आमच्या टाकीतला ग्लास. म्हटलं, "आधी हा घास खा, मग हा वास घे. तुमच्या बिअरमध्ये हा कुठं आहे दाखव."

तिनं घास खाल्ला. ग्लास हुंगला. पुन्हा हुंगला. मग ताटलीतला भातही हुंगला.

"काका," ती हळू आवाजात म्हणाली, "हा तांदळाचा वास नाहीये."

"मग कशाचा?"

"तांदळाचा वास उकळताना उडून जातो, जवळजवळ सगळाच. हा यीस्टचा आहे. यीस्ट काम करताना लोण्यासारखा वास सोडतं. टाकी थंड करायच्या आधी दोन दिवस थोडी कोमट ठेवली की यीस्टच तो परत खाऊन टाकतं. तुमच्याकडे टाकी लवकर थंड करतात, म्हणून तो राहतो. आमच्याकडे याला दोष म्हणतात. शिकायला लागल्यावर पहिल्या महिन्यात हाच ओळखायला शिकवतात."

मी ग्लास घेतला. हुंगला. आणि एकदा सांगितल्यावर मला दुसरं काही येईचना. तूप. नुसतं तूप. तांदूळ कुठंच नव्हता. पाच वर्षं मी सुंदर अक्षरात एक दोष लिहीत आलो होतो आणि त्याला 'उत्तम' म्हणत होतो. बाई दारात उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. मला तिच्याकडे बघवेना.

मुलीलाही वाईट वाटलं असावं. ती म्हणाली, "काका, हे मी ऑफिसात सांगू का? तुम्ही नको म्हणालात तर नाही सांगणार. नमुना जुळला नाही एवढंच लिहीन."

देवानं समोर ताट वाढून ठेवावं तसा तिचा तो प्रश्न होता. 'नको' एवढी दोन अक्षरं बोललो असतो तर आजही त्या मिलमध्ये तांदूळ शिजत असता. पण माझं डोकं फिरलेलं होतं. दोन हातपंपांच्या पाण्यातला फरक ओळखणाऱ्या माणसाला तिनं तूप आणि तांदूळ यातला फरक शिकवला होता. मी ताडकन म्हणालो, "सांग ना! खुशाल सांग. पाहू तुमच्या कंपनीला जमतं काय."

दोन महिन्यांनी ती परत आली. बर्फाची पेटी उघडताना म्हणाली की त्यांच्या कारखान्यात कुणी टाकी लवकर थंड करायला तयार नव्हतं, मुद्दाम चूक करायची कुणाला सवयच नव्हती, तिला वरून लेखी परवानगी आणावी लागली. तिनं तीन ग्लास भरले आणि माझ्याकडे पाठ करून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

मी पहिला हुंगला. दुसरा हुंगला. तिसरा. घोट घेतले, थुंकले, पाण्यानं चूळ भरली. पुन्हा पहिल्यापासून. वेगळा कोणता ते सांगता येईना. अर्धा तास गेला असेल. वाटलं, कोणत्याही एका ग्लासाकडे बोट दाखवून 'हे नाही' लिहावं. कोण तपासणार होतं? माझ्या तोंडात काय चाललंय ते त्या मुलीला काय, देवाला तरी कळलं असतं का? भाच्याचं म्हणणंही एवढंच होतं, नाही म्हणत राहा. पण वासाच्या रकान्यात खोटं लिहायला माझा हात कधी उठला नव्हता, आणि तेव्हा माझ्यात भांडायचीही ताकद उरली नव्हती. स्वतःशीसुद्धा नाही. मी 'हेच' लिहिलं आणि सही केली. मुलीनं कागद घेतला, मला वाकून नमस्कार केला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला ते नको होतं.

भाच्याला मीच जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "बरं." आणि टाकीचं तापमान लिहीत राहिला. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

पुढचं सगळं कायद्यानं आणि नीट झालं. कंपनीनं कुणाला बुडवलं नाही. काही पोरं नागपूरला गेली, दोघं-तिघं गोंदियाला. बाईनं एका मिलमध्ये तांदूळ निवडायचं काम धरलं. रस्त्यात भेटली तर अजूनही मामा म्हणते, पण थांबत नाही. बहीण म्हणाली, "बरं झालं, सुटला एकदाचा पोरगा." बिअर अजून निघते. लेबलावर अजून बालाघाट आहे आणि चिन्नोरचा वासही आहे. लोक लिहितात, पहिल्यासारखी राहिली नाही. ती तंतोतंत पहिल्यासारखी आहे. मीच तसं लिहून दिलंय.

टाक्या ट्रकवर चढवल्या त्या दिवशी मी आणि भाचा मिलच्या ओट्यावर उभे होतो. महिनाभर आम्ही कामापुरतंच बोललो होतो. मला राहवलं नाही. म्हणालो, "अरे, तो वास तांदळाचा नव्हताच. दोष होता तो. आपण इतके दिवस लोकाईले चूकच पाजत होतो, अन् मले मालूमच नव्हतं."

"मले मालूम होतं," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"पयल्या दिवसापासून. हेच तर शिकून आलतो न मी, मामा."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"सांगाले आलतो एकदा. बोलून नाही, करून. दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात एक टाकी दोन दिवस कोमट ठेवली, वास पुरा काढला, अन् तुमच्यापुढं ग्लास ठेवला. आठवते?"

मला आठवलं. मी घोट घेतला होता आणि ग्लास टेबलावर आपटला होता. रजिस्टरात लाल शाईनं लिहिलं होतं, वास नाही, चव नाही, विकण्यालायक नाही. त्याच दुपारी ती अख्खी टाकी मी नालीत सोडायला लावली होती. नळ त्यानं स्वतःच्या हातानं उघडला होता, आणि तो बरोबर सोडतो की नाही हे बघायला मी शेजारी उभा होतो.

"तुम्ही इतक्या भरोशानं लिहलंतं," तो म्हणाला. "मंग मी म्हटलं, राहू द्या. घरी खाटेवर पडून राहत होते तुम्ही. इथं रोज दहाले इस्त्रीचा शर्ट घालून येत होते."

ट्रकवाल्यानं हाक मारली तसा तो दोर कसा बांधायचा ते सांगायला खाली उतरला. मी ओट्यावरच राहिलो. त्या कारखान्यात एकदाच बिनदोष बिअर झाली होती आणि ती मी ओतून द्यायला लावली होती. त्यानंतरची प्रत्येक टाकी त्यानं जाणूनबुजून लवकर थंड केली, माझ्यासाठी, आणि तीच गोष्ट मी रागाच्या भरात दुसऱ्याच्या हातात देऊन टाकली होती.